डोंगरमाथ्यावरील एक दिवसाची कौटुंबिक सहल : या चुका टाळा

डोंगरावरच्या एखाद्या पॉइंटवर घरच्यांसह जायचे ठरले की आपण अंतर पाहतो, रस्ता पाहतो, डबे भरतो. वर नेमके किती वाजता असायला हवे, हा विचार मात्र बहुधा राहून जातो. माझ्या मते सहल फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ऊन चढू लागले की उताराला लागून असलेली हवा तापून वर सरकते, वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. म्हणूनच सकाळी लख्ख दिसलेली दरी दुपारी पांढऱ्या पडद्याआड जाते आणि आरामात निघून दुपारी पोहोचलेले कुटुंब निराश होऊन परतते.

पॉइंटचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही नकाशावर आधी पाहावे. पूर्वेकडे पाहणाऱ्या पॉइंटवर सूर्योदय उत्तम दिसतो. पण त्यानंतरचे काही तास सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि समोरच्या रांगा नुसत्या काळपट दिसतात. पश्चिमेकडील दरी भल्या पहाटे डोंगराच्याच सावलीत असते. सूर्य थोडा वर आला, की प्रकाश आपल्या पाठीमागून पडतो आणि दरीचा तळही उजळून निघतो. पोहोचताच धुके दिसले तर लगेच माघारी फिरू नये. वाऱ्याने ढग सरकतात, त्यामुळे आडोशाला अर्धा-पाऊण तास थांबणे अनेकदा फळते.

कपडे पायथ्याच्या हवामानावरून ठरवणे ही दुसरी नेहमीची चूक. उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे पायथ्याशी ३० अंश असतील तर १५०० मीटर अधिक उंचीवर साधारण २० अंशच असतात, शिवाय कड्यावरचा वारा घामाने भिजलेल्या मुलांना आणखी गारठवतो. दुसरीकडे, उन्हातील अतिनील किरणे दर १००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे हवा गार असली तरी त्वचा भाजते. स्वेटर आणि टोपी दोन्ही बरोबर हवीत.

घाटात मुलांना गाडी लागत असेल तर मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवून त्यांना समोर दूरवर पाहायला सांगावे. पोट रिकामेही नसावे आणि गच्चही नसावे. कानात दडे बसल्यास आवंढा गिळावा किंवा जांभई द्यावी, तान्ह्या बाळाला चोखणी द्यावी.

उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणे ही चूक खरोखर धोक्याची आहे, कारण तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच वेग आवरते. जळका वास आला तर सुरक्षित जागी गाडी थांबवून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वरचा झोत जलकणांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. सूर्यास्त पाहायचा असेल तर अंधारात उतरावे लागणार हे निघण्यापूर्वीच मान्य करून टॉर्च घ्यावी आणि चालक थकणार नाही याची काळजी घ्यावी.

ज्येष्ठांसाठी वाहनतळापासून पॉइंटपर्यंत किती पायऱ्या आहेत, वाटेत बसायला जागा आणि जवळ स्वच्छतागृह आहे का, एवढी चौकशी आदल्या दिवशी केली तर कोणालाही गाडीत एकटे बसून राहावे लागत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती सगळ्यांच्या एकत्र फोटोच्या क्षणाची. त्या वेळी सर्वांचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते, फोटो काढणारा चौकट नीट बसावी म्हणून पाठमोरा मागे सरकत असतो आणि मूल कोणाच्याच नजरेत नसते. ‘आपण सगळेच आहोत ना’ या भरवशावर न राहता प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचे नाव ठरवावे आणि त्याने कठड्याजवळ मुलाचा हात धरूनच ठेवावा. कठड्यावर बसवून मुलाचा फोटो काढू नये, मग कठडा कितीही रुंद असो.

वीज चमकल्यानंतर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत पडते आहे असे समजावे. अशा वेळी एकट्या झाडाखाली, उघड्या छत्रीत किंवा लोखंडी कठड्याजवळ न थांबता पक्क्या इमारतीत अथवा धातूचे छत असलेल्या बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उलटल्यावरच बाहेर पडावे.