अणुऊर्जेच्या धड्यात गुण नेमके कुठे जातात? या चुका टाळा

किरणोत्साराची व्याख्या मुलं घडाघडा लिहितात. गाडी अडते ती त्यापुढे, बहुतेक वेळा अर्धायुष्यावर. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत सगळं संपलं, असं बिनदिक्कत लिहिलं जातं. पण दर वेळी निम्मं होतं ते उरलेल्याचं. ८० ग्रॅम घेतलं तर ८ दिवसांनी ४०, १६ दिवसांनी २०, २४ दिवसांनी १०. सूत्राच्या मागे लागण्याआधी एवढा तक्ता मांडाच. मग बाकीचे ७० ग्रॅम गेले कुठे? त्यांचा झेनॉन झाला. बाटली घट्ट बंद असेल, तर वजन जवळपास पहिल्याइतकंच भरेल. म्हणून प्रश्नात 'उरलेलं' विचारलंय की 'ऱ्हास पावलेलं', ते आधी अधोरेखित करा; गणित बरोबर करूनही उत्तर उलटं लिहिणारे कमी नाहीत.

विखंडनाचं, म्हणजे जड अणुकेंद्र फुटण्याचं, समीकरण पाठ करू नका, जुळवून बघा. युरेनियम-२३५ आणि एक न्यूट्रॉन मिळून २३६. उजवीकडे बेरिअम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि ३ न्यूट्रॉन, तेही २३६. घाईत २ न्यूट्रॉन लिहिले, तर बेरीजच चूक दाखवते. अणुअंकही तपासा: ५६ आणि ३६ मिळून ९२.

'मंदायक' हा तर सापळाच. तो अभिक्रिया मंद करत नाही, न्यूट्रॉनचा वेग कमी करतो. मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५चं विखंडन अधिक सहज घडवतात, त्यामुळे मंदायकामुळेच शृंखला अभिक्रिया टिकते. तारापूरच्या पहिल्या दोन संचांत हे काम साधं पाणी करतं, तिसऱ्या-चौथ्यात जड पाणी. अभिक्रियेला आवर घालतात त्या नियंत्रक कांड्या. त्यांतलं बोरॉन किंवा कॅडमिअम न्यूट्रॉन शोषून घेतं.

किरण पडले की वस्तू किरणोत्सारी होते, हा गैरसमज मोठ्यांचाही आहे. लासलगावला कोबाल्ट-६०चे गॅमा किरण देऊन कांद्याला कोंब येणं रोखतात. तो कांदा किरणोत्सारी होत नाही, खुशाल खावा. किरणोत्सारी धूळ अंगाला चिकटणं मात्र वेगळं, कारण तिथे स्रोतच सोबत येतो.

वर्गीकरणात दोन गोष्टी लक्षात ठेवा. नैसर्गिक वायू कोळशापेक्षा स्वच्छ जळत असला तरी जीवाश्म इंधनच. युरेनियम जीवाश्म इंधन नाही, पण अक्षय ऊर्जास्रोतही नाही.

आणि आकृती काढताना चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रातले कमरेत बारीक, अवाढव्य कूलिंग टॉवर आठवा: त्यांतून वर जाते ती पाण्याची वाफ. धूर दाखवायचा तो शेजारच्या उंच, अरुंद चिमणीतून.