झोपेची गोळी सुरू करताना बंद करायची तारीखही ठरवा

घरातलं आजारपण, कुणाचं जाणं, नोकरीवर आलेलं संकट, हिंजवडीतली बदललेली शिफ्ट. अशा कारणांनी दोन-तीन आठवडे झोप उडाली की डॉक्टर कधीकधी झोपेची गोळी लिहून देतात. थोड्या दिवसांसाठी ती नीट उपयोगी पडते. घोळ होतो तो बहुधा एकाच कारणाने: किती दिवस घ्यायची हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून डॉक्टरांना तिथेच विचारा, "किती दिवस घ्यायची, आणि बंद कशी करायची?" उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. बहुतेकांना एक-दोन आठवडे पुरतात. चार आठवड्यांच्या पुढे रोज घेणं टाळायचं.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या. दुखण्यासाठीचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, मुंग्या-जळजळीसाठी दिलेलं प्रीगॅबलिन, यांच्याबरोबर झोपेची गोळी पोटात गेली की श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन गुंगी वाढवतं. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल चालू असेल तर अल्प्राझोलम ही गुंगीची गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि नेहमीचाच डोस जड होतो. दारू पूर्ण बंद. "एकच पेग" हासुद्धा नाही. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दमा, यकृताचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

मग गोळीची पट्टी नीट वाचा. क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम म्हणजे हलकी गोळी, असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. ही ०.५ ताकदीला डायझेपाम या त्याच गटातल्या औषधाच्या साधारण १० मिलिग्रॅमच्या जवळ जाते. कधीकधी एकाच गोळीत क्लोनाझेपाम आणि नैराश्य-चिंतेवरचं एस्सिटालोप्राम ही दोन औषधं असतात. मनाने बंद केली तर दोन्ही एकदम बंद होतात. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांना आणि वयस्करांना ५ मिलिग्रॅमच द्यायची पद्धत आहे. बायकांच्या शरीरात ते सकाळपर्यंत जास्त उरतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये त्यांचा डोस १० वरून ५ वर आणायला लावला. झोल्पिडेम, अल्प्राझोलम, डायझेपाम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. ओळखीवर चिठ्ठीशिवाय पट्टी देणारा तुमचं भलं करत नाही.

<b>रात्री घेताना</b>

भरल्या पोटी झोल्पिडेम उशिरा चढतं. पुण्यात साडेनऊ-दहाला जेवून लगेच गोळी घेतली की तासभर काहीच होत नाही, माणूस वैतागून दुसरी घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. जेवण आठच्या सुमारास उरका. दात घासा, गॅस बघा, कडी लावा, फोन चार्जिंगला लावा, आणि अगदी शेवटी गोळी घेऊन सरळ अंथरुणावर पडा. पुढे सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्या. पहाटे साडेपाचला पर्वती चढायची असेल तर गोळी दहापर्यंत. अकरा वाजून गेले तर त्या रात्री राहू द्या. तीनला जाग आली म्हणून दुसरी गोळी घेऊ नका.

झोल्पिडेमने काही जण झोपेतच उठतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा काढतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. त्यामुळे पहिल्या काही रात्री घरात कुणीतरी असावं, गाडीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी. असं एकदा जरी घडलं तरी गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा; पुन्हा घेऊन बघायचं नाही.

क्लोनाझेपामचं निम्मं औषध शरीराबाहेर जायलाच ३० ते ४० तास लागतात. रोज घेतलं की आदल्या रात्रीचं उरलेलं असतंच. सकाळी डोकं जड वाटत असेल, ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होत असेल, तर नवले पुलाच्या उतारावर दुचाकी घालू नका. रिक्षा करा, आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोला.

आजी-आजोबांसाठी मुळात या गोळ्या टाळाव्यात. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. द्यावीच लागली तर कमीत कमी डोस, पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा, आणि वाटेतलं पायपुसणं उचलून ठेवा.

<b>बंद करताना</b>

चार-सहा रात्रीच घेतली असेल तर सहसा सरळ थांबवता येते. दोन-चार आठवडे रोज घेतली असेल तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करत जा. थांबवल्यावर एक-दोन रात्री, कधी थोड्या जास्त, झोप आधीपेक्षाही वाईट लागते. हा गोळी सुटण्याचा परिणाम असतो आणि तो ओसरतो. इथेच बरेच जण "आपल्याला गोळीशिवाय जमत नाही" असं ठरवून टाकतात आणि वर्षानुवर्षं अडकतात. त्या रात्रींनंतर सुट्टी येईल अशी तारीख धरा. महिनोन्‌महिने चालू असलेली गोळी मात्र कधीही एकदम सोडू नका, फिट येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक आठवडे थोडी थोडी कमी करतात, शेवटी तर आणखी सावकाश. सीआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मोडून अर्धी करायची नसते.

गोळी चालू असतानाच उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. दुपारनंतर चहा-कॉफी नको. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, डोळे मिटायला लागले की परत पडा. आठवड्यात तीन रात्री, तीन महिने असं चालूच राहिलं तर ती जुनाट निद्रानाशाची केस आहे. तिथे सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत मुख्य उपचार ठरते. ससूनच्या किंवा जवळच्या मानसोपचार विभागात विचारा.

घरात कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार असतील तर गोळ्या आठवड्यापुरत्याच आणा आणि दुसऱ्याने जपून ठेवा. १४४१६ या क्रमांकावर, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनशी बोलता येतं. हलवूनही कुणी जागं होत नसेल, श्वास संथ किंवा ओठ निळसर असतील तर १०८ ला फोन, कुशीवर वळवणं, आणि उलटी करवायची नाही. रिकामी पट्टी सोबत न्या.

उरलेल्या गोळ्या वहिनींना, शेजाऱ्यांना देऊ नका. पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका.