न सांगता येणाऱ्या पाहुण्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं

दर रविवारी न कळवता जेवायला येणारे पाहुणे कोल्हापुरात नवे नाहीत. पण भर पंगतीत विषय काढू नका. सवडीनं, रंकाळ्यावर फिरताना सांगा: "दाजी, येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. अचानक आलात तर फक्त चहा मिळेल." एवढंच. कारणं देत बसलात की प्रत्येक कारणावर वाद होतो.

सुरुवातीला रुसवे, टोमणे वाढतात. ते अपेक्षितच आहे. चूक होते ती इथंच. चौथ्यांदा हट्ट केल्यावर तांबडा-पांढरा वाढलात, तर चारदा हट्ट धरायचा असतो हेच समोरचा शिकतो.

धमकी, मारहाण असेल तर हे प्रयोग नकोत, थेट आपत्कालीन क्रमांक ११२. मन खचत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास.