सीपीई काढताना भाजक आधी तपासा

प्रति एंगेजमेंट खर्च, म्हणजे सीपीई, काढायला शाळेतला भागाकार पुरतो: जाहिरातीवरचा खर्च भागिले एंगेजमेंटची, म्हणजे लोकांनी जाहिरातीवर केलेल्या कृतींची, संख्या. गोंधळ होतो तो भाजकात. एंगेजमेंट म्हणून नेमकं काय मोजलंय हेच माहीत नसेल, तर उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत काढूनही उपयोग नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये ‘पोस्ट एंगेजमेंट’ या एकाच आकड्यात रिअ‍ॅक्शन, कमेंट, शेअर आणि लिंकवरचे क्लिक तर येतातच, शिवाय फोटो पाहणं आणि ३ सेकंद चाललेला व्हिडिओही येतो. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) पोस्ट उघडून पाहण्यासाठी केलेला क्लिकसुद्धा एंगेजमेंटमध्ये जमा होतो. त्यामुळे दोन प्लॅटफॉर्मचे तयार सीपीई शेजारी ठेवून ‘हा स्वस्त, तो महाग’ म्हणण्यात अर्थ नाही. व्हिडिओच्या जाहिरातीत तर हा आकडा फारच फसवतो. समजा खर्च ६,००० झाला (चलन कोणतंही धरा) आणि एंगेजमेंट १२,००० दिसतेय. सीपीई ०.५०, सगळे खूश. आता फोड करू: ३ सेकंदांचे व्ह्यू १०,२००, रिअ‍ॅक्शन १,२००, लिंक क्लिक ३६०, कमेंट १२०, शेअर ६०, सेव्ह ६०. व्ह्यू वगळले तर उरतात १,८०० कृती आणि सीपीई होतो ३.३३. रिअ‍ॅक्शनही वगळल्या तर ६०० कृती, सीपीई थेट १०. तिन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत. अहवालात यातलं कोणतं द्यायचं ते कॅम्पेन सुरू होण्याआधी लिहून ठेवावं. निकाल पाहून व्याख्या ठरवली की सोयीचाच आकडा निवडला जातो.

आमचं मत विचाराल तर दोन सीपीई ठेवा: एक सर्व कृतींचा, दुसरा फक्त कमेंट, शेअर, सेव्ह आणि लिंक क्लिकचा. प्रत्येक कृतीला वेगळे गुण देऊन भारित सीपीई काढता येतो, पण शेअरला ५ गुण का आणि ४ का नाहीत, यावरच बैठक संपते.

आकडे उतरवताना अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये कॉलम स्वतः निवडा आणि प्रत्येक कृतीचा कॉलम वेगळा घ्या. तारखा नक्की करा, रिपोर्ट डाउनलोड करा आणि भागाकार शीटमध्ये करा. पोस्टखाली दिसणारे लाइक-कमेंट मोजून खर्चाला भागू नका. त्यात जाहिरातीशिवाय आलेल्या कृतीही असतात, त्यामुळे सीपीई आहे त्यापेक्षा कमी दिसतो. अगदी ताज्या एक-दोन दिवसांचे आकडे मागाहून बदलतात, म्हणून कॅम्पेन संपल्यावर थोडं थांबून अंतिम रिपोर्ट काढावा. खर्चात कर आणि एजन्सीची फी धरली आहे का, हेही शीटच्या माथ्यावर लिहा.

एकूण सीपीई काढताना सरासरींची सरासरी घेण्याची चूक सर्रास होते. पहिल्या जाहिरातीवर ५०० खर्च, १,००० कृती, सीपीई ०.५०. दुसरीवर ५,५०० खर्च, १,३७५ कृती, सीपीई ४. सरासरी २.२५ येते, पण खरा सीपीई ६,००० भागिले २,३७५, म्हणजे २.५३. आधी दोन्ही रकाने बेरजेने गोळा करायचे, भागाकार शेवटी एकदाच.

दोन जाहिरातींची तुलना करायची तर उद्दिष्ट, प्रेक्षक आणि प्लेसमेंट (जाहिरात दिसण्याची जागा) सारखं हवं. एंगेजमेंटचं उद्दिष्ट निवडलं की यंत्रणा लाइक-कमेंट करण्याची सवय असलेली माणसं शोधते. विक्रीच्या उद्दिष्टाची जाहिरात त्यापुढे महाग दिसणारच. कृती पुरेशा नसतील तर निकाल देण्याची घाईही नको. केवळ योगायोगाने होणारा चढउतार १०० कृतींवर साधारण १० टक्के, तर ४०० कृतींवर ५ टक्के असतो. तीस-तीस कृतींवर विजेता जाहीर करणं म्हणजे नाणेफेक. आणि हो, रागाची रिअ‍ॅक्शन आणि तक्रारीची कमेंटही एंगेजमेंटच असते. सीपीई अचानक स्वस्त झाला तर आधी कमेंट वाचून पाहा.

सीपीई वाढला की बहुतेक जण लगेच क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीतलं चित्र, व्हिडिओ किंवा मजकूर, बदलायला धावतात. त्याआधी हे सूत्र वापरा: सीपीई म्हणजे सीपीएम (दर १,००० इम्प्रेशनचा खर्च; जाहिरात एकदा दिसली की एक इम्प्रेशन) भागिले दर १,००० इम्प्रेशनमागे झालेल्या कृती. सीपीएम १२० आणि हजारामागे ३० कृती असतील तर सीपीई ४. तो ६ झाला, तर सीपीएम १८० झाला असेल किंवा कृती ३० वरून २० वर आल्या असतील. पहिल्या प्रकारात इम्प्रेशन महागलं आहे: जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावातली स्पर्धा वाढली असेल किंवा प्रेक्षक फार अरुंद निवडला असेल. तिथे प्रेक्षक आणि प्लेसमेंट मोकळं करून पाहावं. दुसऱ्या प्रकारात फ्रिक्वेन्सीचा (एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली त्याचा) कॉलम उघडा. ती आठवड्यागणिक चढत असेल आणि कृती उतरत असतील, तर तीच माणसं तीच जाहिरात पाहून कंटाळली आहेत. नवं क्रिएटिव्ह तेव्हा लावा. फ्रिक्वेन्सी कमी असूनही कृती घटल्या असतील, तर प्लेसमेंटनुसार फोड करून पाहा. बरेचदा बजेट स्टोरीसारख्या, कमेंट कमी येणाऱ्या जागेकडे सरकलेलं सापडतं.