कॅनिंगचा आंबा घरी बाटलीत भरताना

मे सरत आला की पेटीचा भाव उतरतो आणि उरलासुरला हापूस किलोवर कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना जातो. त्यातला थोडा घरच्या रसासाठी ठेवणार असाल, तर मृगाच्या सरी लागायच्या आत काम उरकून घ्या. पाऊस लागलेल्या आंब्याला देठाकडून कूज लवकर लागते आणि फळमाशीचा त्रासही वाढतो. साका निघालेला (आतला गर पांढरट, स्पंजासारखा झालेला), डाग पडलेला आंबा 'एवढंसं कापून' रसात ढकलू नका. तो आजच खा नाहीतर खतात टाका.

खरी मेख आंबटपणात आहे. सामू म्हणजे पीएच, आंबटपणाचं माप; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट. सामू ४.६ च्या खाली असेल तर बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू बंद बाटलीत वाढत नाहीत. हापूसच्या रसाचा सामू साधारण चारच्या आसपास असतो, पण फळ जितकं जास्त पिकेल तितका तो वर सरकतो. म्हणजे खायला सगळ्यात गोड, तोच आंबा बाटलीत भरायला सगळ्यात बेभरवशाचा! म्हणून किलोभर रसाला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड वजन करून घालायचं आणि सामूची पट्टी बुडवून बघायची. चार किंवा त्याखाली आला पाहिजे. साखर कितीही घाला, सामू उतरत नाही. रसात दूध घालायची सवय असेल तर ते बाटली उघडल्यावर, भरताना नाही. फणस, पपई, केळं यांच्यात आंबटपणा फारच कमी असतो, त्यांना हे प्रमाण लावू नका.

रस गाळून स्टीलच्या पातेल्यात ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा. तळाला लागतो, ढवळत राहा. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटल्यांत तो गरम असतानाच भरा, वर बोटभर जागा सोडा, तोंड स्वच्छ पुसा आणि नवीन बूच लावा. जुनं बूच ठोकून बसवण्यात वाचतात ते चार-दोन रुपये. मग मोठ्या टोपात तळाला फडकं अंथरून बाटल्या उभ्या करा, बुचांवर इंचभर पाणी येऊ द्या. पाणी खळखळायला लागल्यावर घड्याळ लावायचं, अर्धा लिटरपर्यंतच्या बाटलीला ३० मिनिटं. गरम बाटली नुसती उलटी ठेवली की झालं, असं बरेच जण मानतात. ते या उकळीच्या जागी चालत नाही. निघालेल्या बाटल्या लाकडी फळीवर आपोआप निवू द्या, गार पाणी ओतलं तर काच तडकेल.

केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रस टिकवायची पावडर) घातलं तरी उकळी टाळू नका. आणि रस पत्र्याच्या डब्यात सील करून घेणार असाल तर केएमएस अजिबात नको, त्याने आतला पत्रा काळा पडतो.

भरलेल्या बाटल्या दोन आठवडे आडव्या ठेवून डोळ्यांसमोर राहू द्या. बुचाखाली ओल, रसात बुडबुडे, उघडताना फस्स आवाज, डब्याचं झाकण फुगलेलं, यातलं काहीही दिसलं तर चव घेऊन बघायची नाही. बोटुलिझमचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. असा रस गुरांच्या आंबोणातही जाऊ नये. चांगल्या बाटल्यांवर भरल्याची तारीख लिहून त्या अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या मोसमाआधी संपवा. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची. शेजारीपाजारी विकायचा बेत असेल तर आधी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या.