शंका मनात आहे आणि समाजातही राहायचं आहे

कडक शिस्तीच्या धर्मसमाजात शंका घेऊन वावरताना गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांतला फरक रोज सांभाळावा लागतो. मनात काय चाललंय ते प्रत्येकाला सांगायला तुम्ही बांधील नाही. पण जे पटत नाही ते ‘मी मानतो’ म्हणून सांगत राहिलात, की हळूहळू आपलं खरं मत कोणतं हे आपल्यालाच कळेनासं होतं.

आधी शंका लिहून काढा, एका पानावर एकच. ती शिकवणुकीबद्दल आहे, नियमाबद्दल की कुणा धर्मगुरूच्या वागण्याबद्दल, हे वर लिहा. यांची सरमिसळ झाली की एका माणसावरच्या रागापायी सगळा धर्मच खोटा वाटू लागतो, नाहीतर एका भल्या माणसाकडे बघून रास्त शंका दाबली जाते. खाली लिहा: काय कळलं तर माझं मत बदलेल? काहीच सुचत नसेल, तर बहुधा निर्णय आधीच झालेला आहे. वही कुणाच्या हाती लागेल अशी ठेवू नका. घरच्यांशी सामाईक असलेल्या फोनवर तर मुळीच लिहू नका.

हजर राहणं, प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहणं यात खोटं काही नाही. सामूहिक पठणात न पटणारी ओळ आली तर तेवढी सोडा. शपथ, साक्ष, मुलांना शिकवणं आणि कुणाला वाळीत टाकायला हात वर करणं, इथे मात्र थांबा.

समाजाच्या बैठकीत श्रद्धेचा अनुभव सांगण्याची पाळी फिरत फिरत तुमच्यापर्यंत येते, सगळ्यांच्या माना वळतात, आणि ऐन वेळी काही सुचत नाही. म्हणून वाक्य घरीच मोठ्याने म्हणून बघा: ‘आज मला फक्त ऐकायचंय.’ कारण जोडू नका. घसा बसलाय म्हणालात, तर पुढच्या वेळी नवं कारण शोधावं लागतं.

जोडीदाराला तिसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. धर्मगुरूंशी बोलण्याआधी विचारा, ‘हे तुमच्यापाशीच राहील, की वर कळवावं लागेल?’ उत्तर गोलमोल आलं तर विषय तिथेच सोडा.

घर, नोकरी किंवा शिक्षणाचा खर्च समाजाच्या हातात असेल, तर बोलण्याची घाई करू नका. आधी ओळखपत्रं, गुणपत्रिका ताब्यात घ्या, स्वतःच्या एकट्याच्या नावाचं बँक खातं उघडा, निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाका. आणि समाजाबाहेरच्या एका तरी माणसाला आधीच विचारून ठेवा, वेळ आली तर काही दिवस तुझ्याकडे राहता येईल का.