फिक्स्ड गिअर सायकल: जोडणी आणि हिवाळ्यातला सराव

फिक्स्ड गिअर म्हणजे मागचं चाक फिरतं तोवर पेडलही फिरतात. अशा सायकलसाठी जुनी स्टीलची रोड फ्रेम घेताना मी आधी मागचं चाक बसतं ती खाच बघतो. ती आडवी हवी. उभी असेल तर चाक मागेपुढे सरकत नाही, चेन ताणता येत नाही. ती फ्रेम सोडून द्या.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ट्रॅक सायकलचाच घ्या. कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र, घट्ट आवळा, त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे कॉग सुटू न देणारी कडी. साध्या फ्रीव्हील हबवर (पाय थांबले तरी चाक फिरतं तो) कॉग बसवण्याची जुगाडं मला पटत नाहीत; पायाने मागे जोर दिला की कॉग सुटू शकतो.

वेळ द्यायचा तो चेनला. चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) अगदी गोल क्वचितच असते, म्हणून क्रँक (पेडलचा दांडा) हळूहळू फिरवत चेन सर्वांत घट्ट कुठे होते ते शोधा. तिथे मधोमध बोटाने दाबल्यावर ती साधारण एक सेंटिमीटर हलावी. त्याहून घट्ट झाली तर खरखरते आणि बेअरिंग खाते. फार सैल झाली तर उतारावर निसटते, आणि मग मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं.

गिअर ४४ बाय १७ ठेवा, म्हणजे पुढे ४४ दाते, मागे १७. पेडलच्या एका फेरीत जवळजवळ साडेपाच मीटर. चढ जास्त असतील तर मागे १८.

पुढचा ब्रेक लावाच, यावर वाद नको. क्रँक १६५ मिलिमीटरची बरी, वळणावर पेडल रस्त्याला घासायची भीती कमी. हिवाळ्यात रस्ते ओले असतील तर मडगार्डही हवेत.

चालवताना पाय थांबवायचे नाहीत, खड्ड्यावरसुद्धा. उतारावर ब्रेक हलका धरून पाय सैल फिरू द्या.